न दुखणारा आजार : मूत्रपिंडाचे विकार, त्यांचे निदान व उपचार

(देवस्थानच्या वार्षिक महोत्सवप्रसंगी महाजन कुटुंबीयांपुढे सभामंडपात केलेले भाषण)



ज्या सभामंडपात लहानपणी वडिलांचे बोट धरून बसलो, तेथे आज व्याख्याता म्हणून उभे राहताना मनाला संकोच वाटतो. माझे वैद्यकीय आयुष्य येथून फार दूर, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बैहर या तहसिलीच्या गावी गेले. वर्षातून एकदा महोत्सवाला येणे आणि परत जाणे एवढाच माझा येथील संबंध राहिला. समितीने यंदा मला सर्व कुटुंबांना उपयोगी पडेल असा आरोग्याचा एखादा विषय निवडून बोलण्याची आज्ञा केली. मी मूत्रपिंडाचे विकार हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, या रोगात वेळेवर आलेला मनुष्य बहुधा सावरतो आणि उशिरा आलेला बहुधा सावरत नाही. आणि वेळ साधणे हे पुष्कळ अंशी घरच्या माणसांच्या हाती असते. दुसरे कारण वैयक्तिक आहे. माझ्यावर एका स्नेह्याचे ऋण आहे. ते मी भाषणाच्या ओघात सांगेन.

बैहरचा परिचय येथे बहुतेकांना नसेल. बालाघाटहून घाट चढून गेले की सातपुड्याच्या मैकल रांगेतील पठार लागते. त्या पठारावर, सालवृक्षांच्या अरण्यात बैहर वसले आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार आणि मलाजखंडची तांब्याची खाण ही दोन नावे त्या भागासंबंधी आपण ऐकली असतील. वस्ती मुख्यत्वे गोंड व बैगा या आदिवासींची. १९५६ सालापर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे शिक्षक, वकील, जंगल खात्यातील नोकर अशी मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झालेली आढळतात. गंभीर दुखण्याला आजही तेथील माणूस गोंदियाकडे आणि नागपूरकडे पाहतो. अशा ठिकाणी वैद्यकी करणाऱ्याला उपकरणे थोडी आणि रोगी पुष्कळ मिळतात. मूत्रपिंडाविषयी मला जे खऱ्या अर्थाने कळले ते तेथेच कळले.

प्रथम या अवयवाची रचना थोडक्यात पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर व वजन सुमारे १५० ग्रॅम. इतक्या लहान अवयवात प्रत्येकी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात; त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा सतत या दोन अवयवांतून फिरत असतो. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील जवळजवळ सर्व पाणी, साखर व क्षार नलिकांतून पुन्हा शोषून घेतले जातात आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकले जाते. म्हणजे मूत्रपिंडाचे खरे कौशल्य टाकण्यापेक्षा राखण्यात आहे. याखेरीज रक्तदाबाचे नियमन करणे, रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे संप्रेरक तयार करणे आणि 'ड' जीवनसत्त्वाला हाडांच्या उपयोगी रूप देणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात. म्हणूनच मूत्रपिंड निकामी झालेला रोगी पांढराफटक पडतो, त्याचा रक्तदाब वाढतो आणि त्याची हाडे ठिसूळ होतात.

मूत्रपिंडाच्या विकारांचे दोन मोठे वर्ग पडतात. एक अकस्मात येणारा, म्हणजे तीव्र. आणि दुसरा वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा, म्हणजे जुनाट. या दोहोंतील भेद प्रत्येक घराने ओळखून ठेवावा, कारण तीव्र विकारात बंद पडलेले मूत्रपिंड पुष्कळदा पुन्हा काम करू लागते; जुनाट विकारात गेलेला भाग परत येत नाही.

तीव्र विकाराचे पाठ बैहरच्या अरण्याने मला पावसाळ्यात दिले. तेथे त्याची तीन मुख्य कारणे मी पाहिली. पहिले कारण घोणस. या सापाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. दंश झालेल्या माणसाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे. ते गोठले नाही तर विष अंगात भिनले आहे असे समजावे. या परीक्षेला वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. एका पावसाळ्यात एक गोंड तरुण शेताच्या बांधावर घोणस चावून माझ्याकडे आला. आधी तो गुनियाकडे गेला होता. त्यात एक रात्र गेली होती. रक्त गोठत नव्हते आणि आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती. आम्ही प्रतिविष दिले आणि त्याला घाट उतरवून डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात धाडले. जवळजवळ तीन आठवडे यंत्राने त्याच्या मूत्रपिंडांचे काम चालविले आणि एके दिवशी त्याची लघवी सुरू झाली. पुढच्या हंगामात तो तेंदूपत्ता तोडायला गेला. आपल्या कोकण-गोव्यातही घोणस आहे, म्हणून सांगतो : दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; अवयव स्थिर ठेवून रोग्याला थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष एकच आहे; त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ दवडण्याचे प्रयोजन नाही.

दुसरे कारण फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप. या तापात तांबड्या पेशी फुटून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी रक्त तपासून योग्य औषध सुरू केले तर हा प्रसंग बहुधा टळतो. तिसरे कारण सर्वांत साधे : हगवण आणि उलट्या. शरीरातील पाणी आटले की मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढ्या घरगुती पेयाने किती मूत्रपिंडे वाचली असतील याची गणती नाही. चोवीस तासांत लघवी अगदीच थोडी झाली, तर ती थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे, हे एक सूत्र प्रत्येकाने स्मरणात ठेवावे.

या दोन वर्गांच्या मध्ये उभा असलेला बैहरकडचा आणखी एक विकार सांगतो. गोंड समाजात आणि विदर्भातील अनेक समाजांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू कमी व क्षार अधिक असतात; तेथे या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. परिणामी मूल फार लघवी करते, कधी लघवीतून रक्त जाते आणि पुढे वयात अल्ब्युमिन जाऊ लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यातून या मुलांची रक्ततपासणी होते. तिच्याबरोबर त्यांची लघवीही नियमाने तपासली पाहिजे, असे मला वाटते.

सर्पदंश, हिवताप आणि हगवण यांचा एक गुण असा की ते हाक मारून येतात. जुनाट विकार हाक मारीत नाही. आणि येथे मला ते ऋण सांगितले पाहिजे.

बैहरला माझे एक स्नेही होते. शाळेत गुरुजी होते. मराठी घर म्हणून आमचा घरोबा झाला आणि पुढे तो मैत्रीत परिणत झाला. कितीतरी वर्षे संध्याकाळी दवाखाना आटोपला की ते येत, आम्ही चहा घेत असू, वर्तमानपत्र वाचीत असू. त्यांना रक्तदाब होता. त्याची गोळी ते घेत, मधूनच सोडीत. गुडघे दुखत, म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात. मला हे ठाऊक होते. ते माझ्यासमोर रोगी म्हणून कधी बसले नाहीत, मित्र म्हणून बसले. म्हणून मी त्यांना कधी तपासले नाही. एका हिवाळ्यात ते म्हणाले, "डॉक्टर, अन्नावरची वासनाच गेली आहे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते." मी चेहऱ्याकडे पाहिले तेव्हा डोळ्यांखाली सूज होती. टेबलावरची परीक्षानळी घेऊन त्यांची लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापविली, तर ती दुधासारखी पांढरी झाली. रक्त बालाघाटला पाठविले. क्रिएटिनिनचा आकडा आला त्याचा अर्थ असा होता की दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ संपली आहेत.

पुढे नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. पत्नीने मूत्रपिंड देण्याची तयारी दाखविली, परंतु तोवर गुरुजींचे हृदय दुर्बळ झाले होते. दीड वर्षाने ते गेले. त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मला कधी शब्दाने दोष दिला नाही. पण ती परीक्षानळी आणि तो स्पिरिटचा दिवा इतकी वर्षे आमच्या चहाच्या कपांपासून दोन हातांवर होता, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही. आपल्या माणसाला विचारायचे राहून जाते. या रोगाची सर्वांत मोठी सोय तीच आहे.

आता निदानाकडे वळू. लघवी तापवून पाहण्याची रीत काही माझी नव्हे. लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याने अंगावर सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठली. आणि अशा रोग्यांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर विकृत आढळली. १८२७ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. निरोगी गाळणी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन बाहेर जाऊ देत नाही; गाळणीला छिद्र पडले की ते पाझरते. आज त्याच परीक्षेसाठी रंग बदलणारी पट्टी मिळते आणि अधिक सूक्ष्म परीक्षेत लघवीतील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण मोजतात. ते दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत असावे.

दुसरी परीक्षा रक्तातील क्रिएटिनिनची. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. येथे एक फसगत होते ती सांगतो. मूत्रपिंडांची सुमारे निम्मी शक्ती जाईपर्यंत हा आकडा पुष्कळदा सामान्य मर्यादेच्या जवळपासच राहतो. शिवाय एकच आकडा दोघांच्या बाबतीत भिन्न अर्थ सांगतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.३ असेल तर त्याच्या मूत्रपिंडांची गाळणशक्ती सुमारे ७८ भरते. पासष्ट वर्षांच्या स्त्रीचे तेच १.३ असेल तर तिची गाळणशक्ती अवघी ४५ च्या आसपास असते. म्हणून अहवाल हाती आल्यावर वय व लिंग धरून काढलेला गाळणशक्तीचा आकडा डॉक्टरांना अवश्य विचारावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट विकार आहे असे मानतात. १५ च्या खाली गेला तर मूत्रपिंडे निकामी झाली असे समजतात. गाळणशक्ती चांगली असूनही अल्ब्युमिन जात असेल तर तोही विकारच होय. तिसरी परीक्षा रक्तदाबाची आणि चौथी सोनोग्राफीची. हिच्यात मूत्रपिंडांचा आकार, खडे, अडथळा आणि पुटकुळ्या दिसतात. काही रोग्यांत सुईने मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासावा लागतो. तसे सुचविल्यास भिऊ नये, कारण उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

लक्षणांची यादीही सांगून ठेवतो : लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती व संध्याकाळी पायांवर सूज, रात्री वारंवार उठणे, तोंडाला चव नसणे, मळमळ, कंड, थकवा. परंतु यांपैकी बहुतेक लक्षणे फार उशिरा दिसतात. मूत्रपिंड दुखते ते मूतखड्याने किंवा जंतुसंसर्गाने. जुनाट विकारात ते बहुधा दुखत नाही. "मला काही होत नाही" हे वाक्य या रोगाच्या बाबतीत पुरावा म्हणून ग्राह्य नाही.

हा विकार कोणास होतो? मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. त्यानंतर गाळण्यांचा दाह, वारंवार होणारे खडे, वृद्धांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून तुंबणारी लघवी. त्याखेरीज आपल्या हाताने ओढवून घेतलेली कारणे : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाणे आणि ज्यांत कोणते धातू आहेत हे ठाऊक नाही अशी भस्मे घेणे. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिंबलीचा आंबट रस पिण्याची टूम निघाली होती. त्यातील ऑक्झलेटमुळे मूत्रपिंडे बंद पडलेले रोगी केरळात आढळले आहेत. आमटीत घातलेल्या दोन बिंबली वेगळ्या आणि पेलाभर रस वेगळा, हे ध्यानात ठेवावे.

काही ठिकाणी गावेच्या गावे या रोगाने ग्रासली जातात. गोव्याच्या काणकोण तालुक्यात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या माणसांतही जुनाट मूत्रपिंडविकार आढळून आला आणि भूजलातील सिलिकेकडे संशोधकांचे लक्ष गेले. विदर्भात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खाऱ्या विहिरींच्या गावांतून अशाच तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. अशा भागात आप्तेष्ट राहत असतील तर त्यांना तक्रार नसतानाही तपासणीचा सल्ला द्यावा.

आता एक मुद्दा खास महाजन मंडळींसाठी. मूत्रपिंडात पाण्याच्या पुटकुळ्या होऊन ती वाढत जाण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. आई किंवा वडील यांपैकी एकास तो असेल तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. आपण आपल्या कुळांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवल्या. कोण कोणाचा पुत्र हे आपणांस सांगता येते. पण तो कशाने गेला, हे लिहून ठेवलेले नसते. "अंगावर सूज येऊन गेले", "लघवी बंद होऊन गेले" अशी वाक्ये आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. ती कोणी टिपून ठेवीत नाही. शिवाय आपल्या वंशावळी पित्याच्या बाजूने चालतात आणि हा विकार मातेकडूनही तितकाच येतो. आजोळची माहिती काढल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही.

उपचारांचा विचार करता प्रथम हे सांगितले पाहिजे की गेल्या काही वर्षांत या शाखेत आशादायक पालट झाला आहे. रक्तदाब शक्यतो १३०/८० च्या आत राखणे, मधुमेह ताब्यात ठेवणे आणि दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत आणणे हा पाया. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतील मीठही यात मोजावयाचे आहे. 'प्रिल' किंवा 'सार्टन' हा प्रत्यय ज्यांच्या नावाच्या शेवटी असतो ती औषधे रक्तदाबाबरोबर अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. मात्र गरोदरपणी ती वर्ज्य आहेत आणि हगवण-उलट्या सुरू झाल्यास ती चालू ठेवावीत की थांबवावीत हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी निघालेले डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेह नसलेल्या रोग्यांतही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावते, असे २०२० साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. माझ्या गुरुजींच्या वेळी हे औषध नव्हते. पण रक्तदाबाची गोळी होती आणि परीक्षानळीही होती.

पथ्याविषयी घरोघर फार गोंधळ असतो. खडे होणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे, दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर व्हावी इतके. परंतु मूत्रपिंडे निकामी होऊन अंगावर सूज असलेल्याने तसे पाणी पिणे घातक ठरते. शहाळ्याचे पाणी आपण सर्व रोगांवर अमृत मानतो. त्यात पोटॅशियम पुष्कळ असते आणि दुर्बळ मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही; रक्तात साठलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना विचारावे, इतकेच माझे सांगणे.

औषधांनी भागेनासे झाले की डायलिसिसचा विचार करावा लागतो. विलेम कोल्फ या डच वैद्याने महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयुक्त यंत्र बनविले. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक स्त्री त्यावर वाचली. आज साधारणतः आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हा उपचार घ्यावा लागतो. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत गरीब रोग्यांना तो विनामूल्य मिळण्याची योजना आहे. पोटाच्या पोकळीत द्राव सोडून घरीच करावयाचा डायलिसिसचा दुसरा प्रकारही आहे. बैहरसारख्या दूरच्या गावांना तो विशेष सोयीचा. डायलिसिस म्हणजे अखेर, ही समजूत चुकीची आहे. कित्येक रोगी वर्षानुवर्षे त्यावर नोकरीधंदा करतात. घोणस चावलेल्या त्या तरुणासारख्यांना तर तो काही आठवड्यांचा आधार पुरतो.

सर्वांत समाधानकारक उपाय मूत्रपिंडरोपण. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसविले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. १९९४ च्या कायद्याने मूत्रपिंडाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. आई-वडील, भावंडे, मुले, पती-पत्नी आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे निकटचे दाते मानले जातात. इतरांना अधिकृत समितीची अनुमती लागते. निरोगी मनुष्य एका मूत्रपिंडावर चांगले आयुष्य जगू शकतो, मात्र दात्याची कसून तपासणी झाली पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष असतात. घरातील सून किंवा आई मुकाट्याने पुढे होते, तेव्हा भावांनी आणि मुलांनीही स्वतःची तपासणी करून घेतली आहे काय, हा प्रश्न कुटुंबप्रमुखांनी विचारावा. आणि मेंदू मृत झालेल्या आप्ताचे अवयव देता येतात, हा विषय घरात शांत वेळी बोलून ठेवावा. दुःखाच्या घटकेला तो प्रथमच कानावर पडू नये.

आता समितीपुढे माझी एक विनंती ठेवतो आणि भाषण आवरतो. महोत्सवाला आपली कुटुंबे दूरदूरहून येतात. पुढील वर्षापासून सभामंडपाच्या बाजूस एक टेबल मांडावे. त्यावर रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र आणि लघवी तपासण्याच्या पट्ट्या असाव्यात. चाळीस वर्षांवरील प्रत्येकाने, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात मूत्रपिंडविकार असलेल्या कोणत्याही वयाच्या माणसाने तेथे पाच मिनिटे द्यावीत. ज्यांच्या पट्टीचा रंग पालटेल त्यांना क्रिएटिनिन तपासून घेण्याची चिठ्ठी द्यावी. याला खर्च अल्प आहे. स्वयंसेवक आपल्याच घरांतील डॉक्टर मुले-मुली होतील. माझे नाव त्यांत प्रथम लिहावे. आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या वंशावळीशेजारी वडिलांच्या व आईच्या, अशा दोन्ही बाजूंच्या आजारांची एक नोंद लिहून ठेवावी.

लघवीची चौकशी चारचौघांत करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. मीही तो माझ्या स्नेह्याच्या बाबतीत पाळला. आपण तो पाळू नये. आज घरी परतल्यावर आपल्या आई-वडिलांना, पती-पत्नीला, आणि ज्याच्याबरोबर रोज चहा घेता त्या मित्राला एवढेच विचारावे, "तुमची लघवी आणि रक्तदाब शेवटचा केव्हा तपासला?" उत्तर आठवत नसेल तर उद्या सकाळीच तपासून घ्यावा. आपणांपैकी एका जरी घरी हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तरी माझ्या ऋणाचा काही अंश फिटला असे मी मानीन.